शेवटच्या पानावर काहीही नाही

मंगळवार, २६ एप्रिल २००५

शी! सकाळी पेपर उघडला आणि कॉफी कडू झाली. सिअ‍ॅटलच्या तळ्यापलीकडची थोरली सॉफ्टवेअर कंपनी आता पीडीएफच्या मुळावर उठलीय. स्वतःचं नवं फाइल-स्वरूप काढणार म्हणे — कुठेही उघडा, कुठेही छापा, पान हुबेहूब तसंच! अरे, मग पीडीएफ इतकी वर्षं काय गोट्या खेळतंय? जगात कुणाच्या ताटात काही बरं दिसलं की यांचा हात तिथे गेलाच पाहिजे.

छापखान्यात दिवसभर हाच विषय. रुडी मशीन पुसता पुसता म्हणाला, "आते, ती फाइल उघडायला गेलीस की आधी विचारेल — नक्की वाचायचंय? हो म्हटलं की विचारेल — खरंच नक्की? तिसऱ्यांदा हो म्हटलंस की बंद पडेल." (रुडी फिलिपिनो. त्यांच्यात ताईला आते म्हणतात. त्याच्यामुळे आता अख्खा छापखाना मला आते म्हणतो, मालक सोडून.)

दुपारी आम्हा छपाईवाल्यांच्या ईमेल-मंडळावर कुणीतरी निधनवार्ता टाकली — "पीडीएफ, वय बारा, अल्पशा आजाराने. मागे असंख्य न उघडणारे अर्ज आणि शोकाकुल छापखानेवाले." त्याखाली टाकोमाच्या एकाने — "प्रेत कृपया नव्या स्वरूपात पाठवू नये. अर्धा पाय दुसऱ्या पानावर जातो."

हसले. पोट धरून हसले. पण डोक्यातली तिडीक काही जाईना.

पीडीएफ काही देवमाणूस नाही. लोक फॉन्ट जोडायला विसरतात आणि माझा अख्खा दिवस नासतो. पण ते नांदलंय आमच्यात. त्याच्या खोडी मला पाठ आहेत. आता त्याच्या उरावर ही सवत!

मंगळवार, ३ मे

सवत आमच्याच दारात!!

मार्व्हने मला काचेच्या खोलीत बोलावलं. मार्व्ह टॉरगरसन, आमचा मालक — आणि त्याने दार लावलं म्हणजे बातमी वाईट. कंपनीला नव्या स्वरूपाचा गाजावाजा करायला पुस्तिका हवीय. आपणच छापायची. अट एकच : त्यांच्या नव्या फाइलवरूनच छापायची, पीडीएफला हात लावायचा नाही.

"आपल्या यंत्राला ती फाइल वाचता येणार नाही," मी म्हटलं.

"येईल म्हणतायत."

"कोण म्हणतंय? ज्यांनी केली तेच ना? आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणतं का, मार्व्ह?"

तो कपाळ चोळत बसला. मग म्हणाला, "व्हर्ना, आपलं अर्ध्याहून जास्त काम तळ्यापलीकडून येतं. ते गेलं की मी दाराला कुलूप लावतो. रुडीने आत्ताच घर घेतलंय. आणि तू या वयात कुठे जाशील?"

कुठे जाईन? खरंच कुठे जाईन! तोंडात आलेलं सगळं गिळलं आणि बाहेर आले.

गुरुवार, १२ मे

कंपनीचा माणूस आला. ग्रॅहम पेल. सगळाच गुळगुळीत — हनुवटी, बूट, बोलणं. मी त्याचं नाव गुळगुळ्या ठेवलं. रुडीला फार आवडलं.

"आम्ही कागदाचा अनुभवच बदलून टाकतोय," म्हणतो!

"कागदाचा अनुभव म्हणजे? बोट कापतं तो?" मी विचारलं.

हसला. दातही गुळगुळीत. या माणसाच्या नखाला जन्मात कधी शाई लागलेली नसणार. किळस आली मला. त्याने हात पुढे केला तेव्हा मी मुद्दाम न धुतलेला हात दिला. त्याने रुमालसुद्धा काढला नाही, तसाच गेला.

मंगळवार, १७ मे

आजचा दिवस सोन्याने मढवून ठेवावा असा!

सीडी आली. आत ती नवी फाइल. मार्व्ह माझ्या खुर्चीमागे उभा, रुडी हात बांधून दारात. यंत्राला फाइल दिली. ते कुरकुरलं. थांबलं. मग पान आलं — कोरं. दुसरं कोरं. तिसऱ्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, ओळीच्या ओळी.

"छान आहे की, आते," रुडी म्हणाला. "शाळेत वाटू. पोरं रंगवतील."

मार्व्ह हसला नाही. त्याने कंपनीला फोन लावला. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं होतं. आणि जेवण झाल्यावर गुळगुळ्याचा ईमेल आला — "तूर्त सोबतच्या फाइलवरून छापा. कृपया कुठे वाच्यता नको." सोबत काय? पीडीएफ!!

मी खुर्चीतून पडायची बाकी होते. रुडी तर मशीनभोवती नाचायला लागला. "सवतीच्या लग्नाच्या पत्रिका पहिलीनेच वाटायच्या, आते!" मार्व्हसुद्धा शेवटी हसला, डोळे पुसत.

मग मी शेवटचं पान उघडलं. गर्द निळं पान, खाली पांढऱ्या अक्षरांत एक ओळ — "ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आमच्या नव्या स्वरूपातून छापली आहे. मध्ये दुसरं काहीही नाही. — टॉरगरसन छापखाना, सिअ‍ॅटल."

खाली आमचं नाव! आमच्या तोंडी घातलेलं खोटं!

हसणं तिथेच थांबलं.

बुधवार, १८ मे

मार्व्हशी भांडले. सगळ्यांसमोर.

या छापखान्याची रीत मार्व्हच्या वडिलांची. शेवटच्या पानावर लिहायचं — कागद कुठला, अक्षर कुठलं, यंत्र कुठलं. आणि खरं लिहायचं. एका वर्षी शाई हलकी मिळाली, तर म्हाताऱ्याने शेवटच्या पानावर तेही छापलं होतं, "या खेपेस शाई हलकी आहे" असं. चर्चच्या वार्षिकात! लोक अजून सांगतात.

"ओळ बदलायला सांग त्यांना," मी म्हटलं.

"सांगून पाहिलं. पेल म्हणतो, वरच्यांना तीच ओळ हवी. भाषणात तीच वाचून दाखवणार आहेत."

"तुझा बाप असता तर —"

"माझ्या बापाच्या जिवावर इतकी माणसं जगत नव्हती!"

मार्व्ह कधी ओरडत नाही. आज ओरडला. मग काचेच्या खोलीत जाऊन पाठमोरा बसला. मला वाईटही वाटलं आणि त्याचा रागही आला. दोन्ही एकदम. गुळगुळ्याला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली.

गुरुवार, १९ मे

हे लिहू की नको? लिहिते. इथे कोण वाचतंय!

सकाळी प्रूफ काढलं. शेवटचं पान हातात घेतलं — निळं. नुसतं निळं. ओळ गायब!

पडद्यावर पाहिलं तर ओळ आहे. कागदावर नाही. मग फाइल उकलून पाहिली आणि कळलं. पांढऱ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लागलंय. आमच्याकडे पांढरी शाई नसतेच. पांढरं म्हणजे निळ्यात सोडलेली मोकळी जागा, तिथे कागद दिसतो. ओव्हरप्रिंट लावलं की यंत्र जागा सोडतच नाही, सरसकट निळं फासतं. नवशिक्यांची चूक. पडद्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची. फाइलमधली ती एक खूण काढली की झालं, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

छापखान्याचा नियम आहे — दिसलं की बोलायचं. मीच नव्या माणसांना शिकवते. 'आतेच्या नजरेतून माशी सुटत नाही' म्हणून टाकोमापर्यंत नाव आहे माझं.

खूण काढायला हात गेला. मागे आला.

इतक्यात गुळगुळ्या प्रूफवर सही करायला हजर. पानं उलटत गेला. मी आपली बडबडत होते — इथे कडा जरा कापली जाईल, हा फोटो थोडा गडद येईल — तोंड चालू ठेवलं. शेवटच्या पानाशी तो थांबला. निळ्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, संपलं! पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणखी काही सांगायचंय तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने सही केली. ठार आंधळा! नखं पाहत असेल स्वतःची.

सोमवार, २३ मे

छापून गेलं. गठ्ठे बांधताना रुडी म्हणाला, "आते, मागचं पान फारच निळं नाही का?"

"निळंच आहे ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. शीळ घातली. आणि पुढचा गठ्ठा बांधायला घेतला.

शुक्रवार, २७ मे

मार्व्ह नवा सूट घेऊन आला, समारंभाला त्याला बोलावलंय. मला दाखवत होता, पाठ बरी बसते का म्हणून. मी "छान" म्हटलं आणि संडासात जाऊन बसले.

बुधवार, १ जून

झालं.

मार्व्ह समारंभातून थेट छापखान्यात आला, सूट तसाच. त्याने सांगितलं ते असं — मोठं सभागृह, खचाखच. कंपनीचा कुणी बडा व्यासपीठावर. मागच्या पडद्यावर ती ओळ, हातभर अक्षरांत. त्याने ठासून वाचली — "मध्ये दुसरं काहीही नाही! उघडा शेवटचं पान, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!"

सगळ्यांनी पान उघडलं. उलटं केलं. उजेडात धरलं. आणि मागून कुणीतरी ओरडलं — "पाहिलं! खरंच काहीही नाही!"

असा हशा, म्हणाला मार्व्ह, की छत खाली येईल. पेपरवाले फोटो काढत होते. तो बडा दोनदा माइकमध्ये "शांत व्हा" म्हणाला आणि मग आत निघून गेला.

एरवी मी आनंदाने नाचले असते! पण सांगताना मार्व्हचा चेहरा राखेसारखा. "आता फोन येईल," म्हणाला. रुडी जमिनीकडे बघत राहिला.

गुरुवार, २ जून

फोन नाही.

मार्व्ह माझ्या टेबलाशी आला. हळूच विचारलं, "व्हर्ना, तुला दिसलं होतं का?"

"सुटलं नजरेतून," मी म्हटलं.

"तुझ्या?"

"वय झालं, मार्व्ह."

मान हलवून गेला. विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, देव जाणे. एका खोट्या ओळीसाठी मी आकाशपाताळ एक केलं, आणि त्या भल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. थू माझ्यावर! आजवर कंपनीची किळस येत होती, आता आरशाची येते.

सोमवार, ६ जून

फोन आला. मार्व्ह खोलीतून बाहेर आला तो लहान पोरासारखा हसत. छापखान्याचा दोष नाही! फाइल त्यांच्याकडूनच तशी आली, प्रूफवर त्यांच्याच माणसाची सही. पेलने म्हणे स्वतःहून लिहून दिलं — चूक सर्वस्वी माझी. पुढचं काम आमच्याकडेच. मार्व्हने डोनट मागवले. रुडीने मला मिठी मारली, "आते, घर वाचलं!"

"आणि पेल?" मी विचारलं.

"काढला त्याला," मार्व्ह म्हणाला. "दोन पोरं आहेत म्हणे. वाईट झालं. पण सही करताना बघायला नको?"

डोनट हातात तसाच राहिला. तो बघत होता आणि मी बडबडत होते. त्याने सरळ विचारलं होतं मला, आणखी काही सांगायचंय का म्हणून! कंपनीला अद्दल घडवायला गेले आणि घडली कुणाला? तिथल्या एका नोकरदाराला. कंपनी मजेत आहे, उद्या दुसरं काहीतरी काढेल.

मार्व्हला उद्या खरं सांगायचं. पेलचा पत्ता शोधायचा.

मंगळवार, ७ जून

मार्व्हला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा खूश झाले असते. मी नाही." दार लावून घेतलं.

बुधवार, ८ जून

पेलला फोन लावला. त्याला बोलूच दिलं नाही, आधी सगळं ओकले — मला दिसलं होतं, मुद्दाम गप्प बसले, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली.

मग तो हसला. गुळगुळीत नाही, खरखरीत.

"बाई, दहा वर्षं स्पोकॅनला छापखान्यात प्लेटा केल्यात मी. ते ओव्हरप्रिंट मीच लावलं होतं, तुमच्या नावाखाली ती खोटी ओळ जायला नको म्हणून. सही करताना जीव मुठीत होता माझा — म्हटलं, या बाईच्या नजरेतून माशी सुटत नाही, आता ही बोलणार."