रजिस्टरातली रिकामी ओळ

चामोर्शी,
दि. १० ऑगस्ट १९८६

चि. सौ. कमला हिस रुखमाबाईचा जयभीम व अ. आ.

तुम्ही सगळे खुशाल असाल. गुलाबराव मिलच्या पाळीवर वेळेवर जात असतील. माझा धानाचा रोवणा आटोपला.

परवा चंद्रपूरला वृद्धाश्रमात जाऊन आले. रोवण्याच्या दिवसांत माय घरी एकटी राहील, पुन्हा पडेल, म्हणून जूनमध्ये आपण दोघींनी तिची पेटी तिथे नेऊन ठेवली. तेव्हा ती रडली नाही, मीच रडले. आता तिच्या अंगावर मांस आलं आहे. शेजारच्या खाटेवरची केसरबाई तिची वेणी घालते. सात वर्षं ते केस मी विंचरले. त्या बाईचे हात मला बघवले नाहीत.

ती तरी परकी. तिथल्या कलाबाईंनी सहीसाठी रजिस्टर पुढं केलं. मला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. मायच्या पानावर लिहिलं आहे: बरंवाईट झाल्यास कळवावे – कमला, बल्लारपूर. खाली मायचा अंगठा. तिचं जेवण, दवा, धुणं सगळं मी केलं, आणि तिचं माणूस कोण, तर वर्षातून दोनदा लुगडं घेऊन येणारी तू. हे कसं झालं ते लिही.

राग मोठा आहे, पण लोभ त्याच्याहून जुना आहे.

तुझी,
रुखमाबाई

बल्लारपूर,
दि. १६ ऑगस्ट १९८६

ती. रुखमाबाईस कमलाचा सा. जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून हे म्हणाले की बाईनं शाईत मिरची कालवली काय! अगं, त्यात काही नाही. बल्लारपूर चंद्रपूरला लागून आहे. तुझी एस.टी. पावसात नाल्यावर अडकते. म्हणून माझं नाव. आणि केसरबाईवर कशाला जळतेस? मायच्या डोक्यावर आता केस तरी किती उरले!

मोठी आहेस, माया पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
कमला

चामोर्शी,
दि. २४ ऑगस्ट १९८६

चि. सौ. कमला हिस जयभीम व अ. आ.

तू खोटं लिहितेस. मी पुन्हा जाऊन आले. पानावर दोन नावांची जागा आहे, खालची ओळ रिकामी. मी कलाबाईंना म्हटलं, तिथे माझं नाव लिहा. त्या संकोचून म्हणाल्या की अंजनाबाईंनी, म्हणजे मायनंच, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रुखमाचं नाव लिवू नका म्हणून. मायला विचारलं, तर तुले काय करायचं हाय त्याचं, म्हणून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

लहानपणी तुला शाळेत घातलं आणि मला तुझी पाटी धुवायला ठेवलं. ते मी गिळलं. हे गिळवत नाही. तिचं माणूस तू आहेस, तर भेटायलाही तूच जा. मी जाणार नाही.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

रुखमाबाई

बल्लारपूर,
दि. ३ सप्टेंबर १९८६

ती. रुखमाबाईस सा. जयभीम वि. वि.

बाई, मायनं मला तिची आण घातली होती. ती मोडते.

रविवारी गेले होते. माय फाटकाकडे तोंड करून बसली होती. केसरबाईला केसांना हात लावू देत नाही. जेवण अर्धं ठेवते. रुखमा काऊन नाई आली, म्हणून तीनदा विचारलं.

भाऊजींची तार आठव. ट्रकवरून ओंडके घसरले आणि ते तिकडेच गेले, त्याची तार तुझ्या दारात आली. तेव्हा तुला अक्षर येत नव्हतं. तू ती मुठीत धरून भरल्या बाजारात फिरलीस. ज्यानं वाचली त्यानं काही न बोलता तुला पुढच्या दुकानात पाठवलं. माय त्याच आठवड्यात तुझ्याकडे राहायला आली, आणि तू बाराखडीचं पुस्तक आणलंस.

आश्रमात नाव लिहिताना माय मला म्हणाली की तिचं नाव टाकलं तर तार पुन्हा तिच्याच दारात जाईल. तेव्हा वाचता येत नव्हतं, आता येते, म्हणून तं अजून भेव हाय. मला म्हणाली, तार नोको, पत्र नोको. तू बसनं जाजो, तिच्याजवळ बसजो, मंग सांगजो.

तिचं माणूस मी नाही, बाई. मी फक्त निरोप आहे.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
कमला

चामोर्शी,
दि. १० सप्टेंबर १९८६

चि. सौ. कमला हिस जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र दारात उभ्यानंच वाचलं, मग उंबऱ्यावर बसले. मायला बरोबर ठाऊक आहे मी कशी वाचते ते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं गेले. उशीर काऊन झाला, एवढंच तिनं विचारलं. निंदण होतं, असं मी सांगितलं. तेल नेलं होतं. वेणी घातली. केसरबाई बघत बसली, मग म्हणाली की माझी पन घालून दे वो. घातली, पण मायची आधी. रजिस्टरात सही केली आणि मागचं पान उलटलं नाही.

मत्सर गेला असं लिहिणार नाही. ते तुला आधी कळेल, हे अजून टोचतं. पण तू एस.टी.नं माझ्याकडे येशील ते तीन-चार तास तुझी माय गेलेली असेल, आणि माझी असेल. म्हणजे वाटा तिनं मलाच मोठा दिला.

एक कर. एरवी माझ्याकडे येशील तेव्हा आधी कार्ड टाकून ये. कार्ड न येता तू दारात दिसलीस, तर काही सांगू नकोस. नुसती जवळ येऊन बस.

कार्डं टाकत राहा. पुष्कळ वर्षं टाकत राहा. लोभ तिथूनच समजेल.

तुझी,
रुखमाबाई