छातीत मशीन बसवल्यावर

डोणगाव

प्रिय छकुलीचे बाबा,

सप्रेम जयभीम.

फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. मोबाइलने छातीतली मशीन बंद पडते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? उकंडराव काकांनीच ना? त्यांनी जन्मात कधी दवाखान्याची पायरी चढली नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, फोन उजव्या कानाला लावा, डाव्या खिशात ठेवू नका, बस्स. पण डॉक्टरांचं ऐकाल तर तुम्ही कसले! मी मिक्सर लावला की तुम्ही अंगणात, शेजाऱ्यांनी मोटारसायकल सुरू केली की मागच्या दारी. नुसता वैताग आणला होता.

संभाजीनगरला ती मशीन बसवली तेव्हा मीही घाबरले होते. तुमचं हृदय इतकं थकलं होतं की घराच्या चार पायऱ्या चढतानाही मध्ये बसावं लागे. डॉक्टर म्हणाले, ठोके बेफाम झाले तर ही आतून झटका देईल आणि माणूस वाचेल. त्या दिवशी जेवताना तेच झालं. छकुली तुमच्या मांडीवर होती. तुम्ही ओरडलात, ती खाली पडली. तुमचा जीव वाचला, हे मात्र कोणी बोललंच नाही. दुसऱ्या दिवशी "आरामाले जाऊन राह्यलो" म्हणून देऊळघाटला सिंधूताईंकडे निघालात. माझं काय चुकलं, काऊन जाता, मी विचारत राहिले. तुम्ही पिशवी भरत राहिलात. भावाला आराम हवा म्हणून ताईंनीही तुम्हाला खोदून विचारलं नाही.

काल शेवटी त्यांनीच फोन केला. तिथली नातवंडं जवळ आली तरी तुम्ही हात मागे घेता म्हणे. "पोरीले करंट लागला असता तं?" म्हणून रडलात. अहो, मग हे मला सांगायचं ना! मी लगेच डॉक्टरांना विचारलं. झटका बसताना कोणी शिवलेलं असलं तर त्याला फार तर मुंग्या आल्यासारखं होतं, अपाय काही नाही. छकुलीला तेवढंही जाणवलं नाही. ती घाबरली तुमच्या ओरडण्याला.

तरी हे सगळं मी ताईंनाही सांगू शकले असते. पत्र लिहिते आहे ते पोरीसाठी. ती आता कोणाच्याच मांडीवर बसत नाही. आज वेणी घालताना हळूच म्हणाली, "आई, माह्यामुळं बाबाची मशीन बिघडली का वं?" मी किती समजावलं, तिला पटत नाही. रविवारी तिला घेऊन येते आहे. तिला जवळ घ्या आणि तुम्हीच सांगा.

तुमचीच,
सारिका