वारा कुठून शिरतो

उमेळे, वसई
५ डिसेंबर १९८२

चि. सुभद्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. नाशिकला एवढा कडाका पडलाय हे ऐकून आईंचा जीव खाली-वर झाला. "पोरीला लिही, डोकं उघडं ठेवून अंगणात जाऊ नको," असा निरोप आहे. इकडची थंडी पहाटेपुरती. वालाला शेंगा धरल्यात. आईंचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. नाताळ जवळ आला म्हणून शेजारच्या मार्गारेटबाईंच्या ओळखीने फ्रॉकचं बरंच काम आलंय, मशीन थांबत नाही.

एक गंमत सांगते. बावखलाच्या पाण्यापलीकडे राहतात ते दिवाकर चौधरी तुला आठवतात का? चार बहिणींची लग्नं करता करता ज्यांचं स्वतःचं राहून गेलं, ते. आता तारापूरच्या एका कारखान्यात लागलेत. सकाळी सातची पाळी, त्या वेळेला सोयीची गाडी नाही, म्हणून राजदूत मोटारसायकल घेतली आणि रोज पहाटे हायवेने जातात. महिन्यापूर्वी फाटका रेनकोट घेऊन दारात आले. म्हणाले, "द्वारकाबाई, पावसाळा संपला हे मला माहीत आहे. मला हा वाऱ्यासाठी हवाय." बोलताना हलले की अंगातून खसखस आवाज यायचा. आईंनी विचारलं, "अरे, तुझ्या पोटात काय वाजतंय?" तर त्यांनी शर्टातून अख्खं वर्तमानपत्र काढून दाखवलं. म्हणाले, छातीला वारा लागत नाही त्याने. आई इतक्या हसल्या की ठसका लागला. तुझा दादा गेल्यापासून या सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग मी त्यांच्या स्वेटरला आतून मोठा खिसा शिवून दिला, पेपर घसरू नये म्हणून. बाहीतून वारा काखेपर्यंत जातो म्हणाले, तर मनगटाला इलॅस्टिक घातलं. मफलरची टोकं उडतात, तर गळ्याभोवती बसेल असा बिनटोकाचा मफलर केला, मागे बटण. गुडघ्यांवर बांधायला जुन्या रेक्झिनचा तुकडा. दर रविवारी येतात आणि आता वारा कुठून शिरतो ते सांगून जातात. आईही वाट बघतात.

दादाच्या कोटाचं विचारलं होतंस. आहे पेटीत. जरा कसर लागल्यासारखी वाटते, ऊन दाखवून मग बघते. पार्सलही नीट बांधायला हवं. घाई करू नकोस.

भावोजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी वहिनी,
द्वारका


उमेळे
९ जानेवारी १९८३

चि. सुभद्रा हिस,
आशीर्वाद.

भावोजी संक्रांतीला मुंबईला येतील तेव्हा दादाचा कोट घेऊन जातील, असं तू लिहिलंस. ते दारात येऊन उभे राहायच्या आत तुला खरं कळायला हवं. कोट राहिलेला नाही. कसर लागली नव्हती. मी तो कापला.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा तो शाबूत होता. पण मला तो तुला द्यायचा नव्हता आणि का द्यायचा नव्हता तेही मला कळत होतं. म्हणून कसरीचं लिहिलं.

डिसेंबरच्या मध्यावर दिवाकर आजारी पडले. एका पहाटे मनोरपर्यंत जाता जाता बोटं अशी आखडली की ब्रेक दाबवेना. गाडी बाजूला लावून तापलेल्या इंजिनाजवळ हात धरून बसले आणि तिथूनच परत फिरले. संध्याकाळी ताप भरला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. चौदा दिवस पडून होते. घरात दुसरं माणूस नाही. रोज पेज घेऊन मी जायची. आई पाठवायच्या म्हणून जायची, असं मी इथे सगळ्यांना सांगितलं. आईंनी एकदाच पाठवलं होतं. बाकीचे दिवस मी माझी गेले.

ते उठून बसल्यावर डॉक्टरांनी बजावलं, छाती नीट झाकता येत नसेल तर ही नोकरी सोडा. या वयात दुसरी कोण देणार?

त्या दुपारी आईंचा डोळा लागला होता. मी पेटी उघडली. रेल्वेने दिलेला तो जाड काळा कोट, तुझा दादा थंडीत यार्डात रुळांचे सांधे बदलायला जाताना घालायचा तो. कॉलर नाकाशी धरली. त्यांचा वास येतो का बघितलं. नाही आला गं. डांबरगोळ्यांचा आला. कोट मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. मग खडूने रेघ मारली आणि कात्री घेतली.

वर बघते तर आई उठून बसलेल्या. मला वाटलं, आता संपलं.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

मी कात्री खाली ठेवली.

"रेघ वाकडी गेलीय तुझी," त्या म्हणाल्या. "ती नीट मार, मग काप. कापड वाया जाईल."

आणि जवळ सरकून त्यांनी स्वतः अस्तर उसवायला घेतलं. दोघी दिवेलागणीपर्यंत बसलो होतो.

लांब कोट मोटारसायकलवर उपयोगाचा नसतो. खालचा घेर वाऱ्याने फुगतो आणि थंडी पोटात शिरते. म्हणून कमरेखाली छोटा केला. उरलेल्या कापडाची छातीवर दुसरी घडी घातली, डावीकडून उजवीकडे अशी की समोरचा वारा फटीत शिरू नये. कॉलर कानापर्यंत उंच केली. पाठीत खाली पट्टा.

आता पुढचं लिहिते. तेही तू लोकांकडून ऐकण्यापेक्षा बरं.

गेल्या रविवारी सकाळी ते कोट घालून आले. म्हणाले, पुढून सगळं बंद झालंय, पण कमरेपाशी पाठीला गार लागतं, कुठून ते कळत नाही. अंगणात उभं राहून ते मलाही कळेना. आई ओसरीवरून म्हणाल्या, "मागे बसल्याशिवाय तुला कसं कळणार?" सुभद्रा, मी बसले. सातिवलीवरून हायवेला लागलो. माझं या सहा वर्षांत स्टेशनच्या पुढे जाणं झालं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शाल फडफडत होती. पट्ट्याखाली हात घालून बघितलं, शिवण दोन बोटं उघडी राहिली होती. तिथून वारा येत होता.

शिरसाडच्या अलीकडे त्यांनी मान वळवून विचारलं, "वारा लागतोय का?"

"सापडलं भोक," मी म्हटलं.

"कोटाचं नाही विचारत. तुम्हाला लागतोय का?"

शिवण बघायला वाकले तेव्हापासून मी त्यांच्या पाठीआडच होते. मला कुठेच लागत नव्हता. तसं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि माझ्याकडे न बघता विचारायचं ते विचारलं. मी म्हटलं, आधी मला सुभद्राला पत्र लिहायला हवं.

ते हे पत्र. परतताना अर्ध्या गावाने आम्हाला पाहिलं. मार्गारेटबाईंनी फाटकातून हात केला, बाकीच्यांनी माना फिरवल्या. त्याचं मला फारसं काही नाही. तू काय म्हणशील, तेवढंच मनात येतं. तू मला कधी परकी मानलं नाहीस, आणि मी तुझ्या भावाची वस्तू तुला न विचारता कापली. रागावलीस तरी लिही. गप्प राहू नकोस.

द्वारका


उमेळे
२७ जानेवारी १९८३

चि. सुभद्रास आईचे आशीर्वाद.

अक्षर द्वारकाचं आहे, बोलणं माझं आहे. तिला लिहायचं नव्हतं. मी म्हटलं, मला लिहिता येत असतं तर तुझे पाय धरले नसते. लिही, आणि माझ्या बोलण्यात काटछाट करू नकोस.

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. "कोट माझ्या दादाचा होता. आणि आता आईला कोण बघणार?" मी ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा तिला वाचवेना.

कोट दादाचा होता, खरं आहे बाई. पण दादा माझ्या पोटचा. अस्तर मी उसवलंय. राग धरायचा तर आधी माझ्यावर धर. दर मे महिन्यात ही तो कोट उन्हात घालायची, मी झटकायची, की परत पेटीत. एवढा गरम कोट आम्ही सहा वर्षं डांबरगोळ्यांना घातला. माझा विठ्ठल असता तर कुणाला कुडकुडताना बघून त्यानेच अंगावरचा काढून दिला असता. त्याची सवय तुला माहीत आहे. शाळेत जाताना स्वतःचा सदरा दुसऱ्याला देऊन उघडा घरी आला होता, मी बडवला होता त्याला.

आता दुसरं. मला कोण बघणार. दिवाकर माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आई, तुम्ही आमच्याकडे राहायला चला." मी म्हटलं, विठ्ठलचं घर मी सोडायची नाही. मग म्हणाला, "मग मी इथे येऊ?" मी म्हटलं, अरे, बायकोच्या पहिल्या घरात राहायला येणार? लोक हसतील. तर म्हणाला, "शर्टात पेपर घालून फिरत होतो तेव्हाही हसतच होते."

म्हणजे तुझं माहेर आहे तिथेच आहे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन यायचं, हापूस उतरवायचे, सगळं तसंच. ही मला सकाळी गुडघ्याला तेल लावते, तेही तसंच. आता मी बोलतेय आणि तिचे डोळे भरून आलेत म्हणून अक्षर बिघडलंय. (आई, हे नको ना. — नाही, लिही.)

विठ्ठल गेला तेव्हा ही अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या माहेरचे न्यायला आले होते, आठवतं ना तुला? "आईंना एकटं टाकून मी येणार नाही," म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवशी मी तिला जा म्हणायला हवं होतं. मला एकटीची भीती वाटली म्हणून मी गप्प राहिले. हे मी तिला आजवर सांगितलं नव्हतं. आज तिच्याच हाताने लिहून घेतेय.

मार्चच्या सात तारखेला वसईच्या कचेरीत लग्नाच्या सह्या आहेत. तू आलीस तरी होईल, नाही आलीस तरी होईल, मी कुणाला थांबू देणार नाही. पण ये. हिला साडी नेसवायला घरचं कुणीतरी हवं. माझ्या बोटांत आता निऱ्या राहत नाहीत.

जावईबापूंना आशीर्वाद. डोकं झाकून फिर.

तुझी आई

आईंचं संपलं. मी काही न गाळता लिहिलं, एका ठिकाणी थांबावं लागलं एवढंच. माझ्याकडे सांगायला वेगळं काही उरलेलं नाही. खाली मी फक्त नाव लिहिलं होतं. आईंनी विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, द्वारका. त्या म्हणाल्या, "पूर्ण लिही. नातं काही सुटत नाही."

तुझी वहिनी,
द्वारका