शहाणा मळ

प्रिय चिमणे,

मासे जिवंत आहेत, हे आधीच सांगतो, नाहीतर तू धास्तीने पुढचं वाचणार नाहीस. पण टाकीचं पाणी परवापासून पांढुरकं झालं आहे, दुधाचं पातेलं विसळल्यासारखं. तुझा लाडका मासा जाड्या, सारखा वर येऊन तोंड उघडमीट करतो आणि मी टाकीसमोर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसतो. दुसरं काही सुचत नाही.

झालं असं, की आईने फिल्टर धुतला. साबण लावून, नळाखाली, पिळून पिळून. वर स्पंज माझ्यापुढे नाचवून, बघा कसा नव्यासारखा केला, असंही म्हणाली. तू जाताना तिला बजावलं होतंस, की स्पंजातला तपकिरी चिकटा म्हणजे शहाणा मळ, त्यातले जिवाणूच पाणी साफ ठेवतात, म्हणून स्पंज टाकीतल्याच पाण्यात नुसता बुचकळायचा. तिच्या लक्षात फक्त मळ राहिला. आणि मळ म्हटलं की तुझ्या आईच्या अंगात येतं. या आठवड्यात तिने पडदे धुतले, माळा उपसला, स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. तिला कुठे काय आहे ते डोळे मिटूनही सापडतं. मग चिठ्ठ्या कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

शेवटी नव्या फिल्टरसाठी दुकानात गेलो. तिथली बाई वकिलासारखी उलटतपासणी घेते. टाकी केवढी, मासे कुठले, खायला कितीदा घालता. गोल्डफिश म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, ते खातात फार आणि घाणही फार करतात, खोक्यावर लिहिलेल्या मापावर जाऊ नका, दुप्पट ताकदीचा घ्या. मग टाकीखालच्या कपाटात ठेवायचा, नळ्या असलेला मोठा डबा दाखवला. मला तो फार आवडला. पण वीज बराच वेळ गेली तर डब्यात कोंडलेला तुझा शहाणा मळ गुदमरून मरतो म्हणे. दुसरा हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज. ताकद कमी, पण बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, एकाच दोरावर माणूस लटकवायचा नाही हे माझ्या अंगात मुरलेलं. म्हटलं, दोन्ही द्या. ती हसली. नवा फिल्टर कामाला लागायला काही आठवडे जातात, म्हणून स्वतःच्या टाकीतला मळका स्पंजही पिशवीत घालून द्यायला तयार झाली. भली बाई आहे. पण बोलता बोलता मी म्हणून गेलो होतो, की घरी कुणी नसलं तरी फिल्टर चालला पाहिजे. तेव्हा तिने सहज विचारलं, "घर किती दिवस बंद राहणार?" तिला काहीतरी थातुरमातुर सांगून रिकाम्या हाताने परत आलो.

चिमणे, आता खरं लिहितो. आईच्या पोटात गाठ निघाली आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. मी तिच्यापाशीच राहणार, पण किती दिवस, आणि उघडल्यावर आत काय निघेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. "तिची नोकरी नवी आहे, तिला रजा मागायला लावू नका. बरी होऊन मीच सांगेन," असं आईने मला बजावलं आहे. तुझा फोन आला की ती शेजारी येऊन बसते, म्हणून हे पत्र. तिच्यासमोर मी अगदी धीराचा असतो, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडतो. मी तिचा शब्द मोडतो आहे. ती रागावेल, रागावू दे. माझ्या एकट्याच्याने हे होणार नाही. तू ये.

तुझाच, फार घाबरलेला,
बाबा