वेशीबाहेर गेलेलं टिपरू

प्रिय दादा,

तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले, पण तुझ्यावरचा माझा राग काही जात नाही, म्हणून लिहितेय. समोर असतास तर टेबलावर बोटं वाजवत विषय बदलला असतास.

काल तुझा बॅण्डमधला मित्र महाडला येऊन तुझी काठ्यांची पिशवी देऊन गेला. ड्रमच्या काठ्यांच्या जोड्या, तारांचे ब्रश, आणि तळाला एकटंच जाड टिपरू. मुठीवर अंगठ्याचा खळगा पडलेला. आबांच्या ढोलाचं टिपरू मी ओळखणार नाही?

"ही त्याची लकी स्टिक," मित्र म्हणाला. "हॉटेलात जॅझ असो, गझल असो, सिनेमाचं रेकॉर्डिंग असो, नाताळात चर्च असो, एकदा तरी काढायचाच. तो ठोका आम्हाला कुणाला जमला नाही."

कसा जमेल? तो आपल्या पालखीचा ठोका. आणि मी खुळी, तुझी रेकॉर्डिंगं वर्गातल्या मुलांना कौतुकानं ऐकवत होते.

आठवतं ना, आबा गेले त्या वर्षी शिमग्याला टिपरू सापडलंच नाही? ते वेशीबाहेर न्यायचं नाही, हा नेम आबांचाच. शेवटचं ते बबनकाकांच्या हातात दिसलं होतं, म्हणून सगळ्या गावानं त्यांना चोर ठरवलं. आयुष्यभर आबांच्या शेजारी टिमकी वाजवलेला माणूस, त्यानंतर त्यांना पालखीपुढच्या खालूबाजात कुणी उभं केलं नाही. मीही बोलणं टाकलं. तू मात्र दर शिमग्याला विचारायचास, "काकांशी बोलतेस का गं?" मला ते तुझं मोठं मन वाटायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आज सकाळीच पोलादपूरची एसटी धरली, गावी गेले आणि टिपरू काकांपुढे ठेवलं. दादानं चोरलं होतं ना, असं सरळ विचारलं.

काकांनी ते उचलून पोटच्या लेकरासारखं मांडीवर घेतलं. "चोरलं नाय गो. तुज्या आबानंच जाताना माज्या हातानं त्याला धाडलं. सगल्यांम्होरं 'पोरगा डबडी बडवतो' म्हनायचा, मग सोताच्या हातानं कसं देनार? आन् नेम पन त्याचाच. मी बोललो असतो तर गेलेल्या मानसाची अब्रू गेली असती."

"आणि गाव तुम्हाला चोर म्हणतं, हे दादाला ठाऊक होतं?"

काकांनी टिपरू खाली ठेवलं. "चाय घेतेस?" म्हणाले.

मला उत्तर मिळालं, दादा.

आबांनी तुला दिलं, याचा मला आनंद झाला, अगदी खरं सांगते. आबा तुझं वाजवणं एकदाही न ऐकता गेले म्हणून मी किती रडले होते. पण तू गप्प का राहिलास? कुठल्याही गाण्यात नेमक्या जागी पडणारा तुझा हात, इथे एवढी वर्षं का उचलला नाहीस?

येत्या शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की सगळ्यांसमोर हे टिपरू मी काकांच्या हातात देणार. आबांचं नाव घेणार, तुझंही घेणार. काका म्हणाले, "नको गो, तो आता बोलायला हाय का?" तरी घेणार. आणि त्याआधी काकांची माफी मागणार. ती आज त्यांच्या दारात मागायची होती, पण मी चहा पिऊन गप्पच परत आले.

तुझीच बहीण,
शालू