बशीतलं घर

जहाजावरून,
४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मागच्या बंदरात मिळालं. तू नगरपालिकेच्या पाणी विभागाची मुख्य इंजिनिअर झालीस हे वाचून मी इंजिनघरात सगळ्यांना चहा पाजला. बहिणीला गटारांचा कारभार मिळाला म्हणून चहा पाजणारा भाऊ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. दोघांनी तर दुसरा कपही मागितला.

सोबत घराचं चित्र पाठवतोय. बाबांनी माझ्या नावावर घेऊन ठेवलेल्या जागेवर, आपल्या त्या बशीत, मी घर बांधणार. आता पक्कं. जागा खोलगट आहे म्हणून सगळं गाव तिला बशी म्हणतं हे मला ठाऊक आहे, तेव्हा हसू नकोस. जोतं चांगलं उंच घेतलंय. स्वयंपाकघराला रुंद खिडकी आहे, आईला बसल्या बसल्या रस्ता दिसेल अशी. तुझ्या खोलीत एवढं मोठं टेबल आहे की नकाशे जमिनीवर पसरायला नकोत.

ताई, इतकी वर्षं इंजिनाशेजारी झोपतोय. इथे भिंतीला हात लावला की ती थरथरते, भांड्यातलं पाणी कायम हलतं. मला अशा घरात झोपायचंय जिथे उशाशी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी सकाळपर्यंत हलणार नाही. पहाऱ्यावर उभा असताना मी त्या घरात फिरून येतो. दार उघडतो, चपला काढतो, आईला हाक मारतो. परवा तर दिवा मालवायचा राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेलो.

आणि हो, बहीण इंजिनिअर असताना मला ड्रेनेजच्या जोडणीसाठी रांगेत उभं करू नकोस. पहिली जोडणी माझी.

आईला नमस्कार. तुझी माया आहे तेवढी पुरते, तरी थोडी जास्तच पाठवत जा.

तुझा,
भोवरा

*

घर,
१० फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

चित्र पोचलं. न्हाणीघर स्वयंपाकघराएवढं काढलंयस, त्यात काय जहाज बांधणार आहेस? आईने ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. दार उघडलं की घर, मिटलं की नाही. ती उगीचच कपाट उघडते आणि काय घ्यायचं होतं ते विसरते.

तू गेलास तेव्हा टेकडीवर गुरं चरायची. आता तिथे घरांवर घरं चढलीत आणि सगळ्यांचं सांडपाणी उतरणीला लागून खालच्या आळीत येऊन बसतं. तिथल्या विहिरींना वास येतो, मुलांना कावीळ होते. ज्याच्या खुर्चीत बसून तू केस कापताना भोकाड पसरायचास, त्या न्हाव्याची नात दोनदा आजारी पडली. म्हणून सबंध गावाची योजना करतेय. चांगल्या पाण्याचे नवे नळ आणि सांडपाण्याच्या बंद वाहिन्या, दोन्ही एकदमच. निम्मे पैसे निधी मंडळ देईल, निम्मे कर्जाऊ मिळतील आणि ते गावाच्या पाणीपट्टीतून फिटतील. मंडळाने आकडा ठरवून दिलाय, त्याच्या वर छदाम नाही.

जिन्याखालच्या खोलीत नकाशा पसरून मी गुडघ्यांवर बसते. उंचसखलपणाच्या त्या वळणावळणाच्या रेषा बघता बघता डोळे जड होतात आणि मीच पाणी होते. टेकडीवरून निघते, शाळेच्या मागून येते, बेकरीच्या उबदार भिंतीला घासून खाली खाली जाते. कुणाच्या दारात थांबत नाही. मग शिपाई येऊन खाकरतो आणि पाण्याला आपला चष्मा शोधावा लागतो.

तुझ्या घराबद्दल सवडीने लिहीन. पानाचा तळ नेहमीसारखा आईला सोडते. मनात आहेस तसाच राहा.

तुझी,
ताई

चि. भोवऱ्या, ताई एवढीशी जागा ठेवते, त्यात मी काय काय बसवू? गुडघे कुरकुरतात, पण चालतात. खिडकी थोडी खाली घे, बसल्यावर मला नुसतं आभाळ दिसून काय उपयोग. पोटभर जेवत जा. — आई

*

जहाजावरून,
६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला सांग, खिडकी खाली घेतली.

तू पाणी होऊन बेकरीपर्यंत आलीस आणि मला आपल्या होड्या आठवल्या. पाऊस उघडला की आपण वह्यांची पानं फाडून गटारात सोडायचो. तू टेकडीच्या पायथ्याशी सोडायचीस, मी शाळेसमोर. कुठूनही सोडल्या तरी सगळ्या शेवटी बशीत. तिथे त्या एकमेकींना धक्के देत गोल फिरत राहायच्या आणि आपण काठावर बसून माझी कुठली यावर भांडायचो. परवा डोळा लागला तर त्या होड्या माझ्या नव्या घराच्या पायरीला लागलेल्या होत्या. मी एकेक उचलून आत घेतली. आतून त्या कोरड्याच होत्या.

जूनमध्ये कायमचा येतोय. कप्तानाला सांगितलं, त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण सोडतोय. तू मात्र घराबद्दल अवाक्षर काढत नाहीस. न्हाणीघरावर तोंडसुख घेऊन झालं, आता बाकीच्या खोल्यांबद्दलही बोल. सवड म्हणजे कधी ते कळव.

इकडची ओढ तिकडे पोचत असेल अशी खात्री धरून थांबतो.

तुझा,
भोवरा

*

घर,
२ एप्रिल

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

जूनमध्ये येतोयस हे आईने शेजारीपाजारी दोनदा सांगून आणलं. माझं म्हणशील तर कामाने नाकी नऊ आलेत.

योजनेत मी दोन उपसा केंद्रं धरली होती. म्हणजे सांडपाणी जिथे गोळा होतं आणि पंपाने वर चढवून शुद्धीकरणाकडे पाठवतात अशी ठिकाणं. दुसऱ्याचा खर्च मंडळाच्या आकड्यात बसेना. मग खालच्या आळीचे नळ आणि वाहिन्या दुसऱ्या टप्प्यात ढकलल्या. दुसऱ्या टप्प्याचे पैसे कधी येतील हे कुणालाच ठाऊक नाही. सभेत न्हावी उभा राहिला. त्याने एवढंच विचारलं की हा दुसरा टप्पा नात शाळेत आहे तोवर येईल का. मी तांत्रिक कारणं सांगितली. तो मान डोलावून खाली बसला.

मंडळाच्या तपासनीस बाई आल्या होत्या. सबंध गाव पायाखाली घातलं त्यांनी. मग नकाशावर बोट ठेवून विचारलं की सरळ उताराने आलेली वाहिनी इथेच एवढा वळसा का घेते. मी सांगितलं, मध्ये खडक आहे. त्यांनी पुन्हा नकाशाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. काही बदल करायचा असेल तर मेअखेर कळवा, म्हणाल्या.

असो. तू ये. घराचं समोरासमोर बोलू. पत्र आईकडे टाकायला देतेय, तळ तिचाच. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
ताई

चि. भोवऱ्या, ती कामावर गेली, म्हणून आज स्पष्ट लिहिते. तिथे खडक नाही. तिथे तुझं घर आहे. अंगणात मूल झोपलं असलं की आपण वळसा घालून जातो ना, तशी तिने गटार वळवलीय. बशीत एकच केंद्र केलं तर पैसे पुरतात आणि खालची आळीही पहिल्या टप्प्यात बसते. मी खोदून विचारलं तेव्हा रडली. तू अमुक कर असं मी सांगणार नाही, दोघंही माझीच. जेवत जा. — आई

*

जहाजावरून,
२५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईने तुझा खडक फोडला.

पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला. माझं घर वाचव असं मी कधी म्हणालो होतो? न्हाव्याच्या नातीचं आजारपण जोत्याखाली घालून त्यावर मी सुखाने झोपायचं, असा माणूस वाटलो मी तुला? मला विचारलं तरी असतंस. दोन दिवस इंजिनघरात सगळ्यांवर खेकसत होतो.

मग राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. फार वाईट वाटलं, ताई, खोटं कशाला लिहू. पहाऱ्यावर उभ्या उभ्या त्या घरात गेलो आणि सामान बाहेर काढायला लागलो. तुझं टेबल निघालं, न्हाणीघरही निघालं. आईची खिडकी काही निघेना.

होड्या सगळ्या बशीत जायच्या ते मीच तुला लिहिलं आणि ते वाचताना तुझं काय झालं असेल हे आता कळतंय. गावाचं पाणी तेव्हापासून तिथेच यायला बघत होतं. मी मध्ये घर मांडून बसलो होतो.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे संमती सोबत आहे. सगळी बशी घ्या. मोबदला आईच्या हाती द्या. माझं मागणं एवढंच की चित्रातली खिडकी केंद्राच्या भिंतीला बसव. पंपांनाही जरा रस्ता दिसू दे. आणि पहिली जोडणी मी मागितली होती ती न्हाव्याला दे.

जूनमध्ये येतोच आहे. रागावलो होतो, पण तुझं माझ्या मनातलं घर जिथल्या तिथे आहे.

तुझा,
भोवरा

*

घर,
१५ नोव्हेंबर

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

कायमचा म्हणून आलास आणि पंधरवडाही काढला नाहीस. आईच्या वाट्याला पुन्हा पानाचा तळ आला.

तू सारख्या अंगणात फेऱ्या मारायचास ते मी खिडकीतून बघत होते. घर गेल्याचं दुःख असणार असं वाटायचं आणि विचारायला मला तोंड नव्हतं. निघताना म्हणालास की झोपच लागत नाही, घर फार शांत आहे, कानात पोकळी होते. हे खरं होतं की माझं मन राखायला केलेला बहाणा, हे मी अजून उलटसुलट करत असते. तुझी जागा घेतली आणि तुझं घरी येणंही घेतलं, असं वाटत राहतं.

काम मात्र जोरात चाललंय. तपासनीस बाईंनी विचारलं की त्या खडकाचं पुढे काय झालं. भावाने उचलला, म्हटलं. त्या हसल्या आणि सही केली. खालच्या आळीत नळ टाकून होतायत. बशीत भिंती उभ्या राहिल्या, खिडकी बसली, हुबेहूब तुझी. गवंडी विचारत होता की पंपांना खिडकी कशाला. रस्ता बघायला, म्हटलं.

केंद्राला लागून पंप चालवणाऱ्यासाठी दोन खोल्या बांधायच्या असतात. त्या जागेसाठी अर्ज मागवलेत. इंजिनाजवळ आयुष्य काढलेला माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं, असं मुख्याधिकारी म्हणत होते. निवड करणाऱ्यांत मी नाही, मुद्दामच नाव काढून घेतलंय. सहज आपलं कळवते.

जिथे असशील तिथे आमची आठवण उशाला घे.

तुझी,
ताई

अर्ज कर. — आई

*

बशी,
८ ऑक्टोबर

चि. ताईस,
अ. उ. आ.

तू नव्याने वाढलेल्या वस्तीच्या टप्प्याचे पैसे मागायला मोठ्या शहरात जाऊन बसलीस, म्हणून आज सबंध पान माझं. इतकी मोकळी जागा पाहून काय लिहावं ते सुचत नाही.

परवा पाणी सोडलं. पहिला नळ न्हाव्याच्या दारात उघडला. नात ओंजळीने पाणी प्यायली आणि उरलेलं तिने आजोबांच्या अंगावर उडवलं. त्याने भोवऱ्याला खुर्चीत बसवून फुकट केस कापले. या खेपेला तो रडला नाही, न्हावीच डोळे पुसत होता.

भोवरा महिन्यापासून इथल्या खोल्यांत राहायला आलाय, मीही त्याच्याकडेच आहे. पंप सुरू व्हायचे होते तोवर त्याचे हाल बघवत नव्हते. या कुशीवरून त्या कुशीवर. उशी घेऊन दाराशी, मग पुन्हा आत. तू उगीच मनाला लावून घेतलंस बाई, तो बहाणा नव्हता. इतकी वर्षं ज्या आवाजाला तो शिव्या घालायचा, त्याच्याशिवाय त्याला झोप येत नाही. हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

मी दिवसभर त्याने काढलेल्या खिडकीत असते. केंद्रात कुणी खुर्ची टाकू नये असा नियम असेल तर तो माझ्यासाठी बदलून घे. रस्ता छान दिसतो. शाळा सुटली की सगळी पोरं इकडूनच जातात आणि पंपांच्या आजी म्हणून मला हात करतात.

पंप चालू झाले तेव्हा भिंत हलकेच थरथरायला लागली. भोवरा तिला तळहात लावून कितीतरी वेळ उभा होता. मी त्याच्या उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं होतं, त्यातलं पाणी बारीक बारीक हलायला लागलं. या पोराने पाणी हलणार नाही असं घर मागितलं होतं. आज दुपारी दुसऱ्या पाळीचा माणूस आला, हा मोकळा झाला, तेव्हा भांडं गुपचूप उचलावं म्हटलं. तर त्याने ते परत जवळ ओढून घेतलं.

पानाचा तळ त्याला सोडला होता. ताईला काय लिहू, म्हणत पेन घेऊन भिंतीला टेकला. थोड्या वेळाने बघते तर पेन गळून पडलेलं, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसाच. उठवायचं जिवावर येतं. त्याची जागा कोरीच पाठवते, तू वाचून घे.

— आई