तांदळात लिहिलेलं नाव

मी, मल्लिनाथ शंकरप्पा बिराजदार, वय एकोणसत्तर, पूर्वी टायपिंग क्लास चालवणारा, राहणार निलंगा, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीनं लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन थाऱ्यावर नाही, पण त्याचा दाखला कुणी मागत नाही.

१. दापका वेशीजवळचं दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझ्या पश्चात पूर्णपणे बायकोला मिळावं. तिच्या नावाचा घोळ आहे, तो कलम चारमध्ये सांगतो.

२. कॉम्प्युटर आणि त्यातलं माझं अंतराळातलं राज्य मुलगी तनुजाला द्यावं. हा खेळ तिनंच शिकवला. ती पुण्यातून खेळते, मी इथून. मागच्या वर्षी सरहद्दीवरचा तिचा एक ग्रह मी घेतला. लढाई केली नाही. शेजारी माझी नाट्यगृहं बांधली, माझे सण तिकडं पाठवले, माझा प्रभाव वाढत गेला आणि एक दिवस ग्रह आपणहून माझ्या झेंड्याखाली आला. लई खूश झालो. नवं नावही मीच ठेवलं.

पण तिथल्या लोकांचं मनोबल शंभरात वीसच्या वर चढेना. कर माफ केला, जत्रा भरवल्या, तरी न्हाई. तनुजाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, त्यांचं सगळं तुम्ही पुसून टाकलंत. आता जत्रेत ते कशाला नाचतील?"

बायको शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तनुजानं तो ग्रह त्याच्या जुन्या नावासकट मोकळा करावा. मला ते जमलं नाही, राज्य लहान दिसतं म्हणून.

३. चुलतभाऊ श्रीमंत याला काहीही देऊ नये. बायको भालकीकडची, माहेरी सगळी कानडी. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या आईला विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. श्रीमंत पोट धरून हसला आणि वर्षभर तिची नक्कल करत फिरला. चाळीस वर्षं मी त्याच्यावर डूख धरून आहे. खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही हसलो होतो. वर रात्री तिलाच बजावलं की आपल्या घरात हे चालायचं न्हाई. ती पुन्हा कानडी बोलली नाही. तनुजाला त्यातला एक शब्द येत नाही. हा गुन्हा माझा आहे, श्रीमंतचा नाही.

४. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी तिचं नाव 'उज्ज्वला' लिहिलं. तिला विचारलं नव्हतं, कुणीच विचारत नसतं. सगळी कागदपत्रं त्याच नावाची आहेत. तिचं नाव नीलव्वा. घराची नोंद 'नीलव्वा उर्फ उज्ज्वला' अशी व्हावी, नीलव्वा आधी. दारावरची पाटी नुसती नीलव्वाची असावी.

हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या नावानं हाक मारणारी सगळी गेली. आता पाटी कुणासाठी?"

म्हणून काल सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "नीलव्वा." तिनं पदर सावरला आणि माझ्या बाजूनं बाहेर जाऊन अंगणात कोण आलंय ते पाहिलं.

सही: मल्लिनाथ शंकरप्पा बिराजदार
साक्षीदार: देविदास नरसिंग सूर्यवंशी, राजकन्या भागवत कांबळे
निलंगा, दिनांक ९ जानेवारी २०२५